डबा रिकामा परत करायचा नसतो

सिंगापूरमध्ये माझ्या नावाचं जे पहिलं कार्ड हातात पडलं, त्यावर ‘डिपेंडंट’ असं छापलेलं होतं. दोन हजार पाच सालची गोष्ट. नवऱ्याला नोकरीचा पास आणि मला त्याच्यावर अवलंबून असलेल्या बाईचा. कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कितीतरी वर्षं मराठी आणि इतिहास शिकवत होते. सातवीचा भरगच्च वर्ग नुसत्या भुवईवर गप्प करणारी बाई मी. नवऱ्याला म्हटलं, “मी कुणाची डिपेंडंट नाही.” तो म्हणाला, “अगं, त्यांच्याकडे तसं म्हणतात.” आम्ही दोघं दहावीपर्यंत एकाच वर्गात होतो, त्यामुळे आमचं अरे-तुरेच. वर्गात माझा नंबर कायम त्याच्या वर असायचा, हे मी त्याला त्या दिवशी पुन्हा एकदा ऐकवलं.

पण कार्ड खोटं बोलत नव्हतं. आठवडाभरातच ते कळून चुकलं.

इंग्रजी मला येत नव्हतं असं नाही. वाचता यायचं, लिहिता यायचं, कुणी बोललं तर बरंचसं समजायचंही. बोलायची वेळ आली की मात्र तोंडाला कुलूप. त्याला कारण माझी लाल शाई. मी जन्माची चुका काढणारी. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ मला रस्त्यानं चालताना टोचायचे. लग्नपत्रिका हातात आली की मी आधी शुद्धलेखन तपासायचे आणि मग मुहूर्त बघायचे. असल्या बाईनं परक्या भाषेत बोलायचं म्हणजे प्रत्येक वाक्य मनातल्या मनात लिहायचं, तपासायचं, त्यावर लाल रेघ मारायची आणि गिळून टाकायचं. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

आमचा भाड्याचा फ्लॅट बेडोकला, बाराव्या मजल्यावर. नवऱ्याचं ऑफिस पार बुओना व्हिस्टाला, म्हणजे सकाळी एमआरटीच्या गाडीत बसला की संध्याकाळीच उगवायचा. मी बाजारात जाऊन बोट दाखवून भाजी आणायचे, बोटांनीच आकडे सांगायचे, आणि घरी येऊन भिंतींशी बोलायचे. संध्याकाळी दार उघडल्याबरोबर दिवसभराचं साठलेलं सगळं त्याच्यावर ओतायचे. तो बिचारा बूट काढता काढता हूं हूं करायचा.

डिसेंबरात माझी दाढ दुखायला लागली. डॉक्टरकडे जायला नवऱ्याला अर्धी रजा काढावी लागली. मी खुर्चीत आ करून पडलेली आणि डॉक्टर नवऱ्याला विचारतोय, कधीपासून दुखतंय, थंड लागतं का, रात्री ठणकतं का. दाढ माझी, आणि ती कशी दुखते ते तो सांगतोय. चुकीचं सांगत होता तेही. थंडानं नाही, गरमानं दुखत होतं. मला ते कळत होतं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

घरी आल्यावर मी त्याला सांगितलं. संस्थेनं मला एका वर्षाची बिनपगारी रजा दिली होती, ती जूनमध्ये संपत होती. “जूनला शाळा उघडते. तोपर्यंत तुझ्या मदतीशिवाय मला इथे चार माणसांत बोलता आलं नाही, तर मी परत जाईन. तू राहा इथे, मला राग नाही. पण मुकं होऊन मला जगता यायचं नाही.” मी पोकळ धमक्या देत नाही हे त्याला शाळेपासून माहीत होतं. उठून त्यानं चहा टाकला आणि माझ्या कपात साखर दोनदा घातली.

जानेवारीच्या शेवटी चिनी नववर्ष आलं. आमच्या शेजारच्या दारात एक चिनी आंटी राहायची. साठीच्या पुढची, आखूड केस, फुलाफुलांचा सैल ब्लाउज, पायात रबरी चपला. घरात ती आणि तिचा टॅक्सी चालवून निवृत्त झालेला नवरा. तोवर आमचं लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरतंच नातं होतं. त्या दिवशी तिनं बेल वाजवली. एका हातात दोन संत्री, दुसऱ्या हातात लाल झाकणाची प्लॅस्टिकची बरणी, आत अननसाचं सारण भरलेल्या इवल्याशा टार्ट. भरभर काहीतरी बोलून, ते सगळं माझ्या हातांत देऊन ती गेली.

टार्ट दोन दिवसांत संपल्या. बरणी उरली. आणि इथेच माझ्या आईची शिकवण आडवी आली. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. मी बेसनाचे लाडू वळले, बरणीत भरले आणि आंटीच्या दारात उभी राहिले. वाक्य तयार करून, तपासून, स्वयंपाकघरात दहा वेळा म्हणून नेलं होतं.

“आंटी, धिस इज लाडू. इट इज अ स्वीट.”

तिनं झाकण काढलं, वास घेतला आणि दारातच एक लाडू तोंडात टाकला. “यू मेक?”

“येस.”

“युअरसेल्फ मेक?”

“येस, येस.”

एवढंच बोलणं झालं. पण मी घरी परतले ती निवडून आल्यासारखी.

मला वाटलं, बरणी गेली, विषय संपला. चौथ्या दिवशी पुन्हा बेल. तीच बरणी, आत शेंगदाण्याच्या कुकीज. रिकामं भांडं न देण्याची खोड दोन्ही घरांत सारखीच निघाली, आणि अशा दोन बायका शेजारी राहायला आल्या की थांबायचं कुणी? मी चकल्या दिल्या. तिनं कसलेसे गुलाबी वाफवलेले केक आणले. मी शंकरपाळे दिले. बरणी मूळची कुणाची हेच आम्ही विसरलो. आईचा तो नियमही मी तिला एकदा तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितला. आणि प्रत्येक वेळी, हे काय, कशाचं, गोड की तिखट, किती दिवस टिकतं, हे सांगावं लागायचं. आधी मी वाक्यं पाठ करून जायचे. मग फक्त पहिलं वाक्य पाठ करायला लागले. मग तेही सुटलं, कारण आंटी कधीच माझ्या पहिल्या वाक्याला साजेसं उत्तर देत नसे.

एका सोमवारी मी उपवासाची साबुदाण्याची खिचडी जरा जास्तच केली. गरम खिचडी प्लॅस्टिकच्या बरणीत कुठे घालायची, म्हणून माझा स्टीलचा डबा काढला. निघताना शाळेतल्या सहकाऱ्यांनी निरोप समारंभात दिलेला डबा तो. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे झाकणावर अक्षरं कोरून घेतलेली: ‘शिक्षकवृंदाकडून सप्रेम भेट’. आंटीनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“धिस वन व्हॉट?”

“फ्रॉम टीचर्स. विथ लव्ह.”

“यू टीचर, आह?”

“आय वॉज टीचर,” मी म्हटलं. तो ‘वॉज’ मला दिवसभर टोचत राहिला.

आंटीनं मात्र तो शब्द कानाआड केला. त्या दिवसापासून तिनं मला टीचर म्हणायला सुरुवात केली. लिफ्टमध्ये, बाजारात, कपडे वाळत घालताना खिडकीतून, सगळीकडे. दुसऱ्या दिवशी डबा परत करायला आली तेव्हा म्हणाली, “टीचर, सागो कॅनॉट सॉल्ट. सागो मस्ट स्वीट.”

म्हणजे माझी खिचडी चुकीची? मी चिडले. साबुदाण्यात नारळाचं दूध आणि गूळ घालून ही मंडळी गोड करून खातात, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट, मिरची, जिरं, मीठ. ती म्हणाली, मिरची कशाला? मी म्हटलं, उपवास म्हणजे देवासाठी न जेवणं, आणि म्हणून हे खाणं. ती म्हणाली, न जेवणं आणि खाणं हे एकाच वेळी कसं? आता हा प्रश्न मला लहानपणी मीच आईला विचारला होता, पण तिच्यापुढे हार कशी मानणार? मी तिथे दारात उभी राहून बराच वेळ उपवासाची बाजू लढवली. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी वाद घातला, आणि तोही इंग्रजीत. गोड बोलताना आपल्या चुका आपल्याला ऐकू येतात. भांडताना तेवढी फुरसत कुणाला असते?

शेवटी आंटी म्हणाली होती की तीही चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाही. मी कालनिर्णय काढून ताडून पाहिलं. तिचा पंधरावा म्हणजे आमची पौर्णिमाच की.

मग एका बुधवारी सकाळी तिनं मला खालीच नेलं. इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा असतो, नुसते खांब, दगडी टेबलं आणि वारा. व्हॉइड डेक म्हणतात त्याला. तिथे एका कोपऱ्यात रहिवासी समितीची खोली होती, आणि बुधवारी तिथे बायका जमायच्या. दर वेळी एक जण काहीतरी रांधून दाखवायची, बाकीच्या बघायच्या, चाखायच्या आणि नावं ठेवायच्या. महिला मंडळ कुठल्याही देशात महिला मंडळच. तिथे सातव्या मजल्यावरची एक मलय माकचिक होती, माकचिक म्हणजे मावशी, डोक्याला रुमाल आणि हसली की खोली हलायची. एक तमिळ अक्का होती, जी पहिले दोन बुधवार माझ्याशी तमिळमध्येच बोलली, कारण भारतातली बाई आणि तमिळ येत नाही हे तिला पटतच नव्हतं. आणखी काही चिनी आंट्या होत्या.

इंग्रजी त्यांच्यापैकी कुणाचीच मातृभाषा नव्हती. आंटीच्या घरी होक्कियन ही चिनी बोली, माकचिकच्या घरी मलय, अक्काच्या घरी तमिळ. सगळ्या मिळून जे बोलायच्या ते इंग्रजी. आंटीनं मला सांगितलं, तिचं अर्धं आयुष्य होक्कियनवरच गेलं. “बिफोर, आय ओन्ली नो येस, नो, हाऊ मच.” बाकीचं सगळं ती याच खोलीत, चाळिशी उलटल्यावर शिकली होती. तिच्या एकेका वाक्याला माझ्या लाल शाईची आख्खी दौत पुरली नसती. आणि त्याच वाक्यांनी ती मासेवाल्याला गप्प करायची, समितीच्या साहेबांकडून पंखा बसवून घ्यायची, नवीन सून आलेल्या बाईची समजूत घालायची. मी बघत राहिले. हळूहळू माझीही जीभ सुटायला लागली.

घरी मात्र नवरा कपाळाला हात लावायचा. एकदा त्यानं विचारलं, “उद्या जरा लवकर डबा देशील?” मी आंटीच्या थाटात म्हटलं, “कॅन, लाह.” म्हणजे देईन की. तो म्हणाला, “अगं, हे इंग्रजी नाही. ऑफिसात असं कुणी बोलत नाही.” मी म्हटलं, “तुझं इंग्रजी कंप्युटरशी बोलायचं. माझं माणसांशी बोलायचं.”

एप्रिलमध्ये मुख्याध्यापक सरांचा फोन आला. “बाई, जूनचं वेळापत्रक करायला घेतोय. तुमचे तास धरू ना?” मी म्हटलं, मेअखेर नक्की सांगते. फोन ठेवला आणि जीव तुटला. माझा वर्ग, खिडकीतून दिसणारी चिंच, सातवीची द्वाड पोरं. आता मी इथे दोन-तीन बायकांशी बोलत होते, खरं. पण ते दारात उभं राहून बोलणं. चार माणसांसमोर उभं राहून बोलणं हे माझं काम होतं, आणि ते मला इथे जमणार नव्हतं. माझ्या मते प्रश्न तिथेच मिटत होता.

लिफ्टमध्ये आंटी भेटली. मी म्हटलं, “आंटी, जून, आय गो बॅक. माय स्कूल.”

“हजबंड?”

“हजबंड हिअर.”

ती बाराव्या मजल्यापर्यंत लिफ्टचे आकडे बघत राहिली. पुढच्या बुधवारी मात्र सगळ्यांसमोर तिनं जाहीर केलं, “नेक्स्ट वीक, टीचर टीच.”

मी म्हटलं, “आय कॅनॉट.”

“टीचर कॅनॉट टीच? देन हू कॅन?”

पुरणपोळी करायचं ठरलं.

आता मराठी माध्यमाच्या शाळेत वाढलेल्या बाईला सभेत बोलायचं म्हटलं की एकच गोष्ट सुचते: भाषण लिहायचं आणि घडाघडा पाठ करायचं. मी वक्तृत्व स्पर्धेतली मुलं तयार केलेली. हावभाव, चढउतार, शेवटी टाळ्यांसाठी थांबायची जागा, सगळं मला ठाऊक. मी दोन पानी इंग्रजी भाषण लिहिलं. सुरुवात, “रिस्पेक्टेड चेअरपर्सन, ऑनरेबल गेस्ट्स अँड माय डिअर फ्रेंड्स.” पुढे महाराष्ट्र ही संतांची आणि वीरांची भूमी. मग सण. मग पुरणपोळी, तीही दुसऱ्या पानाच्या तळाशी. नवऱ्यानं व्याकरण तपासलं आणि एवढंच म्हणाला, “हे जरा लांब नाही का?” मी म्हटलं, “तुला काय कळतंय भाषणातलं? तू कायम प्रेक्षकांत बसायचास.”

बुधवारी पुरण घरूनच शिजवून, वाटून नेलं. पोळपाट-लाटणं, तवा, कणीक, तूप. टेबलाभोवती बायका चपला सारून बसल्या. मी खुर्ची बाजूला सारली, पदर सारखा केला, हात जोडले.

“रिस्पेक्टेड चेअरपर्सन, ऑनरेबल गेस्ट्स अँड माय डिअर फ्रेंड्स. महाराष्ट्र इज द लँड ऑफ सेंट्स अँड वॉरियर्स.”

माकचिकनं मागे वळून पाहिलं, कुणी साहेब आलाय की काय.

“इन अवर कल्चर, फेस्टिव्हल्स ऑक्युपाय…”

“टीचर,” एक आंटी म्हणाली, “फ्लार हाऊ मेनी ग्राम?” म्हणजे पीठ किती.

झालं. पाठ केलेल्या भाषणाचं असं असतं, मध्ये दोरा तुटला की पहिल्या मण्यापासून ओवावं लागतं. मी एक श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं, “रिस्पेक्टेड चेअरपर्सन…”

“हू इज चेअरपर्सन?” माकचिकनं अक्काला विचारलं.

“मेबी लेट,” अक्का म्हणाली.

मी तिसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी वीरांपर्यंतही पोचले नाही. डोक्यात नुसता पांढरा कागद. समोर आंटी बसली होती, ती माझ्याकडे एकटक बघत होती, आणि मला वाटलं, संपलं. जूनचं तिकीट काढायचं. बरं झालं, एकदाचं कळलं.

माझं भाषण थांबलं तसं सगळ्यांचं सुरू झालं. फ्लार किती, पाणी गरम की गार, पिवळं कशानं झालं, ही डाळ कुठे मिळते, यात अंडं आहे का. एक आंटी म्हणे हा तर आमचा मुगाचा बिस्कुटासारखा पाव, माकचिक म्हणे आमच्याकडे यात नारळ असतो, अक्का म्हणे आम्ही याला पोळीच म्हणतो आणि आमचीच खरी. कुणीतरी पुरणाच्या पातेल्यात बोट घातलं. कुणीतरी उंडा घेऊन लाटायलाही लागलं, तो फुटला, पुरण पोळपाटावर पसरलं. तवा रिकामा धुमसायला लागला. आणि माझ्या आत कुठेतरी सातवीचा वर्ग जागा झाला.

मी लाटणं उचललं आणि टेबलावर आपटलं.

“सायलेन्स! व्हॉट इज धिस? फिश मार्केट? हँड्स ऑन टेबल! वन बाय वन! हू वॉन्ट टू आस्क, हँड अप!”

खोली चिडीचूप. आजीबाईंच्या वयाच्या त्या सगळ्या बायकांनी हात टेबलावर ठेवले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. पुढे काय करायचं हे कुणालाच कळेना. मग माकचिकनं अगदी गंभीर चेहऱ्यानं हात वर केला.

“येस?” मी म्हटलं.

“टीचर, मे आय गो टॉयलेट?”

हसू फुटलं ते असं की अक्काला ठसका लागला. मीही हसले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी मी सिंगापूरला आल्यापासून हसले नव्हते. आणि हसून झाल्यावर लक्षात आलं की मघाशी मी जे ओरडले त्यातलं एकही वाक्य मी तपासलं नव्हतं.

“नाऊ,” मी म्हटलं, “फ्लार. नो ग्राम. माय मदर नेव्हर टोल्ड ग्राम.”

“देन हाऊ टू नो?”

पुरणपोळीच्या कणकेचं आईनं मला एकच माप शिकवलं होतं. मी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली. “लाइक धिस. सॉफ्ट लाइक धिस.”

सगळ्यांचे हात आपापल्या कानांकडे गेले. एकीनं आपली पाळी दाबली, मग कणीक दाबली, मग पुन्हा पाळी. माकचिकला रुमालाखाली हात घालावा लागला. अक्काचं म्हणणं पडलं की जड कुड्या घालणाऱ्या बायकांच्या पाळ्या जास्त मऊ असतात, म्हणजे माप चुकणार. यावर चर्चा झाली. शेवटी आंटी उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि तिनं सरळ माझा कान धरला. एका हातात माझा कान, एका हातात कणीक.

“सेम,” तिनं निकाल दिला. “कॅन.”

शाळेत मी कान धरायचे पोरांचे. माझा कान कुणी धरायची ती पहिलीच वेळ.

पुढचा तासभर मी बोलत होते. उंडा कसा भरायचा, कडेपर्यंत पुरण कसं न्यायचं, पोळी उलटताना का घाबरायचं नाही. मध्येच शब्द सापडायचा नाही, मग कुणीतरी पुरवायची, मलय, तमिळ, होक्कियन, काहीही. फुटलेली पोळी मी वर धरून दाखवली आणि म्हटलं, “धिस इज मिस्टेक. मिस्टेक ऑल्सो टेस्टी.” ती त्यांनी सगळ्यांत आधी खाल्ली. मला इतका आनंद झाला होता की घरी येताना लिफ्टमध्ये मी एकटीच मोठ्यानं “रिस्पेक्टेड चेअरपर्सन” म्हणाले आणि पुन्हा हसत सुटले.

निघण्याआधी आंटीनं तिच्या नवऱ्यासाठी पोळ्या मागितल्या होत्या, त्या मी स्टीलच्या डब्यात घालून दिल्या.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. आठवडा गेला, आला नाही. मधल्या काळात लाल झाकणाची बरणी दोनदा येऊन गेली, पण डब्याचं नाव नाही. आता आपलं भांडं आपण होऊन मागायचं नसतं, तेही आईचंच म्हणणं. मी गप्प राहिले. मे संपत आला. बुधवारच्या खोलीत मी आता नेहमीची झाले होते, तरी शाळेची ओढ काही सुटत नव्हती. एकदा वाटे राहावं, एकदा वाटे जावं. रात्री ठरवलेलं सकाळी मोडायचं. नवरा कधी नव्हे ते ऑफिसातून लवकर यायला लागला होता.

सरांना कळवायचा दिवस आला. जायचं तर तो डबा घेऊनच जायला हवा होता. ज्यांनी दिला त्यांना काय सांगणार? मी आंटीचं दार वाजवलं.

“आंटी, सॉरी. माय बॉक्स?”

ती दारातून हलली नाही. तिच्यामागे, फ्रिजवर, मला माझा डबा दिसत होता. घासून लख्ख केलेला, अक्षरं दाराकडे.

“टीचर, यू टेल मी. बॉक्स कॅनॉट गो बॅक एम्प्टी.”

“येस.”

“आय थिंक, थिंक, व्हॉट टू पुट इनसाइड. स्टिल डोन्ट नो.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “सो बॉक्स कॅनॉट गो. यू ऑल्सो कॅनॉट गो. वेट.”

सगळं इंग्रजी पुन्हा एकदा पळालं. मी नुसती मान हलवली आणि घरात येऊन सरांना फोन लावला.

“सर, माझा डबा अडकलाय इथे.”

“कुठला डबा?”

“आपण सगळ्यांनी दिलेला. शेजारणीकडे आहे. ती म्हणते, रिकामा परत करणार नाही, आणि भरायला तिला काही सुचत नाहीये.”

सर गणिताचे. तोलूनमापून बोलणारे. पलीकडे वेळापत्रकाचे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “मग बाई, डबा मिळाल्याशिवाय निघू नका. तुमच्या तासांचं मी बघतो.”

फोन ठेवून मी रडले. शाळेसाठी रडले, हे सांगायला मला लाज नाही. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, शाळेला नाही म्हणून कळवलंय. तो बूट न काढताच सोफ्यावर बसला. मग म्हणाला, “म्हणजे पुढच्या वेळी दाढ दुखली तर मी यायला नको?”

“नको,” मी म्हटलं. “तू चुकीचं सांगतोस.”

पुढे आम्ही त्याच मजल्यावर राहिलो. बरणी अखंड फिरत राहिली. डबा मात्र आंटीच्या फ्रिजवरून हलला नाही. दर वर्षी जून आला की मी तिच्या दारात जाऊन विचारायचे, “आंटी, माय बॉक्स रेडी?”

“नॉट येट, टीचर.”

“कॅन,” मी म्हणायचे. “आय वेट.”